‘प्रश्न उद्भवत नाही’ : सभागृहातल्या प्रश्नोत्तरांतून संशोधकाने काय शिकावं?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही, चौकच्या बाजूने पायवाटेने चढून जायचं. अठ्ठेचाळीसेक घरं आणि सव्वादोनशेच्या आसपास माणसं. चार दिवसांनी शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण सापडलेच नव्हते.

मुंबईत तेव्हा विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत जी माहिती दिली त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला. दोन, इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता. त्या पदावरचे अजित पवार २ जुलैला सरकारमध्ये जाऊन उपमुख्यमंत्री झाले होते. विजय वडेट्टीवार यांची निवड व्हायला ऑगस्ट उजाडला. म्हणजे विरोधी आमदार होते, पण ज्याचं कामच मंत्र्यांना धारेवर धरणं आहे, ती खुर्ची रिकामी होती.

आता तुम्ही म्हणाल, संशोधनाच्या ब्लॉगवर हे राजकारण कुठून आलं? सांगतो. पीएचडीला बसू पाहणारे बरेच जण मला विचारतात, की ‘रिसर्च क्वेश्चन’ कसा तयार करायचा. त्यावर पुस्तकातली व्याख्या सांगण्यापेक्षा मला सभागृहातला प्रश्न दाखवणं जास्त सोपं वाटतं. तिथे विचारणारा विरोधी बाकावर असतो, उत्तर देणाऱ्याला शक्यतो कमी बोलायचं असतं, आणि प्रश्न ढिला असला की उत्तर निसटतं. आपल्या प्रयोगशाळेतही निसर्ग साधारण असाच वागतो. फरक इतकाच, की निसर्ग मुद्दाम करत नाही.

या लेखाचं म्हणणं एका ओळीत असं : उत्तर कधीच प्रश्नापेक्षा बारीक नसतं. प्रश्न तालुक्याचा असेल तर उत्तर तालुक्याचं येतं, वाडीचं नाही.

आधी थोडी यंत्रणा समजून घेऊ

लोकसभेत प्रश्नोत्तराच्या दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत हे आकडे १५ आणि १६० आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. प्रश्नाची सूचना साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते. आलेल्या सूचनांमधून कुठल्या घ्यायच्या हे बॅलटने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. हे महत्त्वाचं आहे, कारण बॅलटला पक्ष कळत नाही. ज्याच्याकडे बहुमत नाही, ज्याचं विधेयक कधी मंजूर होणार नाही, अशा विरोधी खासदारालाही इथे सत्ताधारी खासदाराइतकीच संधी असते.

नियमही आहेत. लोकसभेतला प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नको. त्यात युक्तिवाद नको, टोमणा नको, निष्कर्ष नको, मंत्र्याचं वैयक्तिक मत विचारायचं नाही. सिनॉप्सिस लिहिणाऱ्याने हे नियम भिंतीवर चिकटवावेत असे आहेत.

आपल्या विधिमंडळात तारांकित आणि अतारांकित प्रश्नांच्या जोडीला लक्षवेधी सूचना असते. तातडीचा सार्वजनिक विषय असेल तर सदस्य त्याकडे मंत्र्यांचं लक्ष वेधतात, मंत्री निवेदन करतात आणि मग उलटतपासणी सुरू होते. बातम्यांत आपण ‘लक्षवेधी लागली’ असं वाचतो ते हेच.

‘हे खरे आहे काय’ची साखळी

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचल्यात तर एक ठरलेला साचा दिसेल. ‘(१) अमुक अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तरांचाही साचा आहे : ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

समजा, कुणी असा प्रश्न दिला (हा मी तयार केलेला नमुना आहे) :

(१) खालापूर तालुक्यातील डोंगराळ भागातील वाड्यांकडे शासनाचे दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, कोणती कार्यवाही केली;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यावर उत्तर काय येईल ते तुम्हीही सांगू शकाल. ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं. तीन उपप्रश्न पहिल्या खुंटीला टांगले होते. खुंटी निघाली, सगळं खाली आलं.

यात मंत्र्याने खोटं बोललं असं काही नाही. ‘दुर्लक्ष’ हा शब्द मोजता येत नाही. तुमच्या मते दुर्लक्ष, त्यांच्या मते नाही. आपल्या संशोधनात हीच चूक आपण वेगळ्या कपड्यांत करतो. ‘हवामानबदलामुळे कोकणातल्या शेतीवर परिणाम झाला आहे का?’ हा प्रश्न घेऊन पाच वर्षं घालवता येतात आणि शेवटी उत्तर येतं, ‘अंशतः खरे आहे’.

यावरचा उपाय साधा आहे. हो-नाहीने सुरुवात करू नका. किती, कुठे, कधी, कोणत्या पद्धतीने, कोणत्या निकषावर, यांपैकी एकाने करा. आणि उपप्रश्न एकमेकांवर टांगू नका. पहिला पडला तरी बाकीचे उभे राहिले पाहिजेत. गाईड ‘ऑब्जेक्टिव्ह्ज स्वतंत्र ठेव’ म्हणतात त्याचा अर्थ हाच.

‘यादीत नव्हती’ म्हणजे नेमकं काय?

आता इर्शाळवाडीच्या त्या उत्तराकडे येऊ. यादीत नव्हती, हे खरं असेल. पण ते उत्तर आहे की नव्या प्रश्नाची सुरुवात?

दरडींच्या बाबतीत देशातली मुख्य तांत्रिक संस्था म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. २०१४-१५ पासून या संस्थेने दरडसंवेदनशीलता नकाशांचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. प्रमाण १:५०,०००. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर, आणि १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. आता एखादी वाडी डोंगराच्या टप्प्यावर दीडशे मीटरमध्ये पसरलेली आहे असं धरा. या नकाशावर ती किती? ३ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढी. १:१०,००० चा नकाशा घेतला तर तीच वाडी दीड सेंटिमीटर होते. तिथे मग वरचा कडा, मधला ओढा, सुट्या दगडमातीचा ढीग वेगवेगळे दाखवता येतात. पण असा नकाशा सगळ्या डोंगरांचा करणं खर्चाचं आणि वेळखाऊ काम आहे, म्हणून तो निवडक ठिकाणी केला जातो.

पहिला मुद्दा प्रमाणाचा झाला. दुसरा मुद्दा एककाचा. सरकारी याद्या बहुतेक वेळा महसुली गावाच्या नावाने चालतात. जनगणनाही तशीच. कर्जत-खालापूरमधल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांचं काय होतं? पुष्कळ वाड्यांना स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नसतो. गाव खाली सपाटीवर, वाडी वर डोंगरात, आणि तक्त्यात दोन्ही मिळून एकच ओळ. गाव सुरक्षित म्हणून ती ओळ सुरक्षित.

तिसरा मुद्दा शब्दाचा. भूशास्त्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संवेदनशीलता म्हणजे कुठला उतार घसरू शकतो. धोका म्हणजे कुठला उतार, कधी आणि किती जोराने घसरू शकतो. जोखीम म्हणजे त्या वाटेत कोण राहतं आणि त्यांचं किती नुकसान होईल. संवेदनशीलतेचा नकाशा बहुधा दरड कुठून *सुटेल* ते सांगतो, ती कुठे जाऊन *थांबेल* ते नाही. सह्याद्रीत वस्ती बरेचदा कड्याखालच्या टप्प्यावर असते. पायाखालची जमीन तुलनेने सपाट असते, मरण वरून येतं.

म्हणून ‘यादीत होती का?’ हा प्रश्न अपुरा आहे. विरोधी आमदाराने विचारायला हवा होता, आणि आजही विचारायला हवा, असा प्रश्न म्हणजे : ‘यादी कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून, कोणत्या एककाने आणि कोणत्या व्याख्येने केली?’ संशोधनाच्या भाषेत, डेटामध्ये शून्य दिसलं तर ते ‘मोजलं आणि शून्य आलं’ आहे की ‘मोजलंच नाही’ आहे, हे आधी शोधा. आपल्या एक्सेलमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

यादीतून सुटणं हा प्रकार इर्शाळवाडीपुरताच नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात महाडचं तळिये. प्रत्येक वेळी सभागृहात विचारणा झाली, प्रत्येक वेळी सर्वेक्षणाचं आश्वासन आलं. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याच डोंगराचं नाव.

तीन आणे आणि पंधरा आणे

एककाचा हा घोळ फार जुना आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत पहिला अविश्वास ठराव आला. त्याच वर्षी पोटनिवडणुकीतून निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उठले आणि म्हणाले, की देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंकडून आकडा आला पंधरा आण्यांचा. वाद पेटला आणि पुढेही बरेच दिवस चालला.

गंमत पाहा. पंधरा आणे कसे आले? राष्ट्रीय उत्पन्न भागिले लोकसंख्या, म्हणजे सरासरी. लोहिया बोलत होते ते खालच्या २७ कोटींबद्दल. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४३ कोटी ९० लाखांच्या आसपास होती, म्हणजे जवळपास ६० टक्के माणसं. दोघांचे छेद वेगळे होते. तीन आण्यांचा आकडा नेमका होता की नाही यावर वाद घालता येईल, पण सरासरीच्या मागे कोण लपलंय हा प्रश्न मात्र एका विरोधी खासदाराने देशाच्या धोरणाच्या मधोमध आणून ठेवला. गरिबी मोजताना सरासरी नव्हे, वाटप बघायचं, हे आज संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात.

आता हे आपल्याकडे आणा. पावसाचे आकडे आपल्याला महसूल मंडळनिहाय मिळतात. पर्जन्यमापक बहुधा खाली, रस्त्याजवळ, जिथे माणूस पोचतो अशा ठिकाणी असतं. पण पाऊस घाटमाथ्याला आणि कड्याला वेगळाच पडतो. कर्जत स्टेशनवर छत्री मिटवून उभं असताना वर माथेरान ढगात बुडालेलं, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. तेव्हा ‘४९९ मिलिमीटर’ ऐकल्यावर संशोधकाचा पुढचा प्रश्न असावा : कुठल्या केंद्रावर? वाडीपासून किती अंतरावर, किती उंचीच्या फरकाने? आणि तीन दिवसांत कसा पडला, सारखा की शेवटच्या काही तासांत बदाबदा? उतार घसरतो तो एकूण बेरजेने नाही. मातीत पाणी मुरून आतला दाब वाढतो, आणि आधीच भिजलेल्या उतारावर एखादी जोराची सर पुरेशी ठरते.

‘इशारा दिला होता’ – पण कशाचा?

तिसरं उदाहरण ताजं आहे आणि थेट राष्ट्रीय धोरणाचं. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितलं, की केंद्राने २३ जुलैपासूनच केरळला आगाऊ इशारे दिले होते. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं, त्या भागासाठी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट होता आणि पाऊस त्यापेक्षा कितीतरी जास्त झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला काँग्रेसचे खासदार जयराम रमेश यांनी, गृहमंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली असं म्हणत विशेषाधिकारभंगाची सूचना दिली.

राजकीय बाजू तुम्ही तुमची ठरवा. संशोधक म्हणून मला या वादात एक शब्द दिसतो : ‘इशारा’. जास्त पाऊस पडेल हा इशारा. या जिल्ह्यात दरडी पडू शकतात हाही इशारा. आणि या उताराखालच्या अमुक वस्तीने आज रात्री घर सोडावं, हाही इशाराच. पहिला हवामानाचा अंदाज, दुसरा प्रादेशिक दरडींचा अंदाज, तिसरा स्थानिक आदेश. तिन्हींची अचूकता वेगळी, जबाबदार यंत्रणा वेगळी, आणि माणूस वाचवण्याची ताकदही वेगळी. व्याख्या न ठरवता वाद घातला तर दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या ठरतात.

इथे एक योगायोग सांगायलाच हवा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय दरड अंदाज केंद्राचं कोलकात्यात उद्घाटन झालं ती तारीख होती १९ जुलै २०२४. इर्शाळवाडीचं वर्षश्राद्ध. केंद्र सुरू झालं तेव्हा प्रादेशिक अंदाज ज्यांच्यासाठी दिले जात होते ती नावं होती दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी. रायगडचं नाव त्यात नव्हतं. आणि वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा पुन्हा निघाला. महाराष्ट्राचं त्यातलं क्षेत्र सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर. पहिला मसुदा मार्च २०१४ चा होता, हा सहावा. दहा वर्षांत मसुदे सहा, अंतिम अधिसूचना शून्य.

ज्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालापासून हे सगळं सुरू झालं, ती समिती २०१० मध्ये नेमणारे पर्यावरणमंत्री कोण होते? जयराम रमेशच. तेव्हा ते उत्तर देण्याच्या बाजूला होते, आता विचारण्याच्या. अजित पवारांचं २०२३ मध्ये नेमकं उलट झालं. माणसं बाकं बदलतात, प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो. म्हणूनच प्रश्न कुणी विचारला याच्यापेक्षा तो कसा विचारला, हे आपण शिकावं.

एक दरड, पाच दारं

संसदेत प्रश्न एका मंत्रालयाला उद्देशून द्यावा लागतो. आता दरडीचं मंत्रालय कोणतं? नकाशे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, म्हणजे खाण मंत्रालय. पावसाचा अंदाज भारतीय हवामान विभागाचा, म्हणजे पृथ्वी विज्ञान मंत्रालय. आपत्ती व्यवस्थापन गृह मंत्रालयाकडे. घाटातली जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं पर्यावरण मंत्रालयाकडे. उपग्रहाची चित्रं आणि २०२३ चा दरडींचा ॲटलास इस्रोचा, म्हणजे अंतराळ विभाग, जो पंतप्रधानांकडे असतो. शिवाय आपत्ती व्यवस्थापनाची प्राथमिक जबाबदारी राज्याची, हे वाक्य गृह मंत्रालयाच्या उत्तरांत ठरलेलं असतं.

म्हणजे विरोधी खासदाराने चुकीचं दार ठोठावलं तर आतून आवाज येतो, ‘शेजारी विचारा’. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपलीही हीच गत होते. दरडींवरचं काम फक्त भूशास्त्राच्या जर्नल्समध्ये शोधलं तर जलशास्त्र, हवामानशास्त्र आणि समाजशास्त्रातलं निम्मं काम हुकतं.

उत्तर येतं कुठून?

विधानभवनातून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. तिथून अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून खालापूर किंवा कर्जतचे तहसीलदार, तिथून मंडळ अधिकारी आणि शेवटी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी). माहिती त्याच पायऱ्यांनी वर चढते. कक्ष अधिकारी मसुदा करतात, मंत्री वाचतात. सभागृहात जो आकडा मंत्र्याच्या तोंडून येतो, तो मुळात एका गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने, बहुधा दोन दिवसांच्या मुदतीत, डझनभर इतर कामं सांभाळून भरलेला असतो. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही. पण थिसिसमध्ये तो आकडा वापरताना ‘शासनाची माहिती’ एवढं लिहून भागत नाही. कुणी, कधी, कशावरून मोजला, हे शक्य तितकं शोधा.

आणि ‘माहिती नाही’ हेही उत्तरच असतं. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास झाला नाही, फक्त लेखी उत्तरं आली. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नावर कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं, की अशी माहिती ठेवलेली नाही. त्या एका ओळीवर देशभर चर्चा झाली. तोंडी तास असता तर लगेच पुरवणी प्रश्न आला असता : का ठेवली नाही, आणि ठेवायची जबाबदारी कुणाची? लेखी उत्तराला ‘का’ विचारता येत नाही. म्हणून तोंडी प्रश्नाची किंमत.

‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. संसदेत असं उत्तर आश्वासन मानलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि त्यावर नजर ठेवायला सरकारी आश्वासन समिती असते. तिचे अहवाल वाचा. पुष्कळदा खरा डेटा तिथे सापडतो.

तुम्ही हे वापरणार असाल तर

संसदेची आणि विधिमंडळाची प्रश्नोत्तरं संकेतस्थळांवर मोफत मिळतात. शोधताना मी स्वतः जिथे जिथे अडखळलो ते सांगून ठेवतो.

एक, कर्जत दोन आहेत. एक आपलं, रायगडातलं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, कर्जत-जामखेड मतदारसंघाचं, जिथले विरोधी आमदार रोहित पवार बरेच प्रश्न लावत असतात. नुसतं ‘कर्जत’ टाकलंत तर दरडीऐवजी दुष्काळ हाती लागेल.

दोन, मतदारसंघाच्या नावाने शोधाल तर फसाल. २००९ पासून कर्जत-खालापूर लोकसभेला मावळमध्ये आहेत, म्हणजे अर्धा मतदारसंघ घाटाच्या पलीकडे. त्याआधी कुलाबा. शिवाय जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होतं. आणि कुठल्याही भागाबद्दल कुठलाही खासदार विचारू शकतो, तो तिथलाच असावा लागत नाही.

तीन, स्पेलिंग. इर्शाळवाडी, इरशाळवाडी, इर्सालवाडी, सगळी रूपं टाकून बघा.

चार, प्रश्नांची संख्या म्हणजे समस्येचं मोजमाप नव्हे. दरड पडली की महिनाभर प्रश्नांचा पूर येतो, मग सगळं शांत. विरोधक विचारतात ते त्यांना महत्त्वाचं वाटतं म्हणून, आणि सरकार अडचणीत येईल म्हणूनही. त्यामुळे हा नमुना यादृच्छिक नाही. पण हेतू राजकीय असला म्हणून मिळालेला आकडा खोटा ठरत नाही, हेही तितकंच खरं.

शेवटी, एक गृहपाठ

वरचा ‘दुर्लक्ष’वाला नमुना मी असा बदलेन :

(१) १९ जुलै २०२३ नंतर कर्जत व खालापूर तालुक्यांतील किती वाड्या-पाड्यांची (महसुली गावांची नव्हे) भूवैज्ञानिकांनी प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली, त्यांची तालुकानिहाय नावे काय;
(२) या पाहणीसाठी कोणत्या प्रमाणाचे नकाशे वापरण्यात आले;
(३) वस्तीच्या वरील उतारावरून येणाऱ्या दरडीची संभाव्य वाट कोणत्या पद्धतीने ठरवण्यात आली;
(४) प्रत्येक वाडीपासून सर्वांत जवळचे पर्जन्यमापक किती अंतरावर आहे;
(५) किती मिलिमीटर पाऊस झाल्यावर वस्ती हलवायची, हे कोणी ठरवायचे आणि तो निरोप वाडीपर्यंत कोणी पोचवायचा?

यातल्या एकाही उपप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येत नाही. ‘माहिती नाही’ म्हणता येतं, पण मग ते पाच वेळा, लेखी, नोंदीवर म्हणावं लागेल. आणि आमदाराने विचारला नाही तरी हे पाच उपप्रश्न म्हणजे एखाद्याच्या पीएचडीची पाच प्रकरणं होऊ शकतात.

तुमचा स्वतःचा संशोधन-प्रश्न घ्या आणि समोर एक कसलेला मंत्री बसलाय असं समजून त्याला विचारून बघा. तो ‘हे खरे नाही’ म्हणून सुटू शकतो का? ‘अंशतः खरे आहे’ म्हणू शकतो का? ‘शेजारच्या विभागाला विचारा’ म्हणू शकतो का? सुटत असेल तर प्रश्न परत लिहा. सुटेनासा झाला की गाईडकडे घेऊन जा.

पनवेल-कर्जत गाडीने जाताना चौकच्या आसपास इर्शाळगडाचा सुळका दिसतो. पावसाळ्यात त्याच्या अंगावर पांढरे धबधबे असतात आणि डब्यातली मुलं फोटो काढतात. वाडीतल्या वाचलेल्या माणसांचं पुनर्वसन खाली चौकजवळ झालं. पण कर्जत-खालापूरच्या डोंगरांत अशा टप्प्यांवर अजून कितीतरी वाड्या आहेत. त्या कुठल्या यादीत आहेत, आणि ती यादी कशी केली, हे जून उजाडायच्या आत कुणीतरी नीट विचारायला हवं.